तुटक रेषांतला हात

टोलीडो, ओहायो
१३ मार्च १९९७

रोझली,

तुझा पत्ता मी चोरलेला नाही. तुझे नाव आणि गाव सरकारने छापले आहे, आणि डुलूथची टेलिफोन डिरेक्टरी आमच्या वाचनालयात उघड्या फडताळावर असते. तिच्यात बर्टोक एकच निघाले. तेव्हा आई पाळत ठेवते म्हणून कांगावा करू नकोस.

पत्राची सुरुवात प्रकृतीच्या चौकशीने करावी, असे शाळेतल्या सिस्टर अलॉयशसने आम्हाला पट्टी मारून शिकवले होते. अकरा वर्षांत तू आमची चौकशी केली नाहीस, म्हणून मीही ती वगळते.

कामाचे लिहिते. मी निवृत्त झाले. वाचनालयातल्या पेटंट आणि ट्रेडमार्कच्या टेबलावर आता क्लिफ्टन यान्सी बसतो. त्याला मीच तयार केला. बुधवारी दुपारी मी बिनपगारी जाऊन बसते, कारण त्या दिवशी गर्दी असते आणि माझ्या घरात गर्दी नसते. पूर्वीचे जाडजूड खंड तळमजल्यावर गेले. आता सगळे सीडीवर. लोकांना वाटते की सीडी आत सरकवली की मशीन उत्तर देते. मशीन काही देत नाही. विचारायचे कसे ते कळावे लागते, आणि ते कळत नाही म्हणून तर आम्ही आहोत.

तुझा बाप इतकी वर्षे तळघरात एक वस्तू बनवतो आहे. ओट्याच्या कडेला ती बसते. तिच्यात बरणी ठेवून खाली दाबली की दोन्ही बाजूंचे जबडे बरणीला आवळतात आणि झाकण एका हाताने फिरवता येते. एकाच हाताने. कोणासाठी ते त्याने सांगितलेले नाही. मीही विचारलेले नाही. तो तिला ‘तिसरा हात’ म्हणतो. ती धरते आणि ऐन वेळी सोडते. नाताळात काकडीच्या लोणच्याची बरणी सुटली ती थेट फरशीवर. फ्रीजखाली अजून काचा सापडतात.

आता म्हणे त्याला पेटंट काढायचे आहे. ईस्टरच्या आधी वकिलाकडे कागद देणार आहे. बुधवारी मला गाडीने सोडतो आणि स्वतःही मशीनसमोर ठाण मांडतो. काल त्याने ‘तिसरा हात’ असे टाईप केले. पडद्यावर शून्य आले.

“शून्य!” तो ओरडला. “एथेल, अख्ख्या अमेरिकेत कुणाला सुचलं नाही!”

“हळू बोल, लुई. वाचनालय आहे हे, बोलिंगचा अड्डा नाही.”

“अगं पण शून्य!”

ही चूक आमच्याकडे रोज कुणी ना कुणी करतो. आपल्या वस्तूला घरात जे नाव ठेवले तेच टाकतो आणि शून्य आले की त्याला हर्षवायू होतो. पेटंटच्या कागदांत वस्तूला कुणी तिच्या नावाने हाक मारत नाही. ती करते काय, हे आधी विचारायचे. त्यावरून तिचा वर्ग काढायचा. मग त्या वर्गात शिरून एकेक नोंद बघत जायचे. मी हे हजारो लोकांना सांगितले असेल. नवऱ्याला सांगितले नाही. तो पाणी प्यायला गेला तेव्हा त्याच्या खुर्चीत बसले आणि जुन्या सवयीने स्वतःच केले. काम चालू असताना वस्तू धरून ठेवणारी साधने, असा एक वर्ग आहे. त्यात बरेच खाली गेल्यावर ‘एकहाती वापरासाठी पात्र धरण्याचे साधन’ असा मथळा दिसला. साल १९९४. शोधक रोझली ए. बर्टोक, डुलूथ, मिनेसोटा.

चित्र पाहिले नाही. चित्रांच्या सीडी वेगळ्या असतात, त्या काउंटरवर मागाव्या लागतात. मी मागितली नाही. मी पडदा कोरा केला. तो आला, आम्ही घरी गेलो, मी कोंबडीचे सूप केले. मीठ बरोबर पडले होते. मला काही वाटले नाही. काही वाटायला हवे होते, हे आत्ता लिहिताना ध्यानात येते आहे.

आमच्या टेबलाचा नियम तुला लहानपणापासून पाठ आहे. कसे शोधायचे ते दाखवायचे. जे सापडले त्याचा अर्थ सांगायचा नाही. ते वकिलाचे काम. हा नियम मी महापौरांच्या मेव्हण्यासाठी मोडला नाही, नवऱ्यासाठीही मोडणार नाही. म्हणून तू त्याला लिही. एक ओळ पुरे. वकिलाच्या तोंडून कळले तर तो पुन्हा तळघराचा जिना उतरणार नाही, आणि त्या तळघराखेरीज त्या माणसाकडे आता काही उरलेले नाही.

ये म्हणत नाही. लिही म्हणते.

तुझी आई, निदान कागदोपत्री,
एथेल बर्टोक


१० एप्रिल १९९७

रोझली,

चार ओळींचे उत्तर मिळाले. पुनर्वसन केंद्राच्या छापील कागदावर, म्हणजे तू तिथे नोकरी करतेस, हातांचे व्यायाम करून घेतेस, एवढे मला डोक्यावरच्या मजकुरावरून समजले. खालच्या मजकुरावरून काही समजले नाही. ‘शहराला शोधायला शिकवलंस, बाबांनाही शिकव.’ छान. अक्षर बदलले आहे तुझे. डावीकडे झुकते. ते का, हे मला ठाऊक आहे, लिहू नकोस.

तळघरात तुम्ही दोघे पत्र्याचे सुटे भाग कापायचात त्या प्रेसची संरक्षक जाळी परत बसवली का, हा तुझा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर देते. बसवली. नुसती बसवली नाही, वेल्डिंग करून टाकली. तू इस्पितळात होतीस त्याच आठवड्यात. आता ती कुणाला काढता येणार नाही, आणि काढायची गरजही नाही, कारण त्या दिवसानंतर प्रेस सुरूच झालेली नाही. तिच्यावर तुझ्या खोलीतली निळी चादर टाकलेली आहे. चादर मी दिलेली नाही.

ती जाळी आधी कुणी काढली होती, हे तू विचारलेले नाहीस. तुला वाटते मला माहीत आहे. मी तळघरात नव्हते. मी कामावर होते. डॉक्टरांना तुझ्या बापाने सांगितले, पोरीनं घाईत हात घातला. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, ‘नाही’ म्हणाली नाहीस. दोघांतले एक बोलते आणि दुसरे गप्प बसते, तेव्हा मी काय लिहून घ्यायचे होते?

ईस्टर झाला. वकिलाकडे कागद गेले नाहीत. आता मेच्या शेवटी, सुट्टीनंतर, असे ठरले आहे. सेंट स्टीफन चर्चमध्ये लोक कमी होते. मी अक्रोडाचे सारण भरून किफ्ल्या भाजल्या, फार झाल्या, शेजारच्या टोथबाईला दिल्या. तिने वास घेऊन विचारले, “लोणी की मार्गारीन?” ती म्हातारी मरेपर्यंत सुधारणार नाही.

ईस्टरच्या सोमवारी तुझ्या बापाने दरवर्षीप्रमाणे अत्तराची बाटली काढून, घरातल्या बायकांवर शिंपडायच्या रिवाजाने, माझ्या डोक्यावर अत्तर शिंपडले. आता आपल्या हंगेरियन लोकांत हे करणारे कोण उरले आहे? मी म्हटले, “झालं ना? ठेव आता.” तो हो म्हणाला आणि पलीकडच्या रिकाम्या खुर्चीवर बाटली एकदा झटकली. वर म्हणतो, “तोंडाशी अडकलं होतं काहीतरी.” काही अडकलेले नव्हते. मी बशा उचलल्या.

तू त्याला लिहिलेले नाहीस. पोस्टमन येतो तेव्हा मी खिडकीपाशी असते, त्यामुळे मला कळते.

ए. बर्टोक


८ मे १९९७

रोझली,

तुझे पत्र नाही. ठीक आहे.

काल मोठी गंमत झाली, म्हणजे लोक ज्याला गंमत म्हणतात ती. मोत्यांची माळ घातलेल्या एक बाई आल्या. म्हणाल्या, “मला एक शोध शोधायचाय, पण तो काय आहे ते मी सांगणार नाही. तुम्ही चोराल.”

क्लिफ्टनने अतिशय अदबीने विचारले, “अंगात घालायचं आहे का काही?”

“नाही सांगणार.”

“स्वयंपाकघरातलं?”

“तुम्ही खोदून विचारताय.”

“जनावरांसाठी आहे?”

बाई पांढऱ्याफटक पडल्या. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

मी मागून म्हटले, “बाई, कुत्र्याचे केस तुमच्या कोटभर आहेत.” क्लिफ्टनने माझ्याकडे असे पाहिले की मी तोंड मिटले. पूर्वी तो मला हसायचा. हल्ली सुधारतो.

त्यांच्यामागे एक दाढीवाला होता. मांसाला लावायच्या सॉसला ठेवायचे नाव आधी कुणी घेतले आहे का, ते त्याला बघायचे होते. नावाची नोंद पाहताना नुसते तेच नाव बघून भागत नाही, कानाला सारखी वाटणारी सगळी बघावी लागतात. तसली नावे निघाली भाराभर. तो म्हणाला, “म्हणजे मला हे नाव मिळणार नाही?” क्लिफ्टन म्हणाला, “ते मी सांगू शकत नाही. वकिलांना विचारा.” दाढीवाला म्हणाला, “मग तुम्ही इथे बसून करता काय?” चोवीस वर्षे हा प्रश्न मला विचारला गेला. ऐकून बरे वाटले, असे म्हणणार होते, पण बरे वाटले नाही. वाटलेच नाही काही.

आता मुद्द्यावर येते. तुझा बाप वर्गाने शोधायला शिकला आहे. काल त्याच्या मशीनशेजारी वर्गांची यादी उघडी होती आणि तीच, धरून ठेवणाऱ्या साधनांची. मला पाहताच त्याने ती मिटली आणि पुन्हा ‘तिसरा हात’ टाईप केले. शून्य. पुन्हा ओरडला. पण यावेळी ओरडण्यात जीव नव्हता, मुलांना खेळवताना आपण घाबरल्यासारखे करतो तसे होते.

तो गाडी आणायला गेला तेव्हा मी क्लिफ्टनला बाजूला घेतले.

“लुईला तू वर्ग शिकवलेस?”

“शोधायला मदत करायची, असं तुम्हीच शिकवलंत मला.”

“तो काय बघतो?”

“मिसेस बर्टोक, कोण काय बघतं ते मी पोलिसांनासुद्धा सांगत नाही. हेही तुम्हीच शिकवलंत.”

“मी त्याची बायको आहे.”

“म्हणून तर तुम्हाला मुळीच नाही.”

मला संताप आला. सवयीने आला आणि सवयीने गेला. माणसाला आपण नीट शिकवावे आणि त्याने ते आपल्यावरच चालवावे! पण त्याचे चुकले कुठे, ते मला सापडले नाही.

म्हणजे दिवस भरत आले. एखाद्या बुधवारी तो त्या यादीत खाली जाईल आणि तुझ्या नावावर येऊन थांबेल. मी शेजारी असेन. मी काय करावे, हे कुठल्याही नियमात लिहिलेले नाही. तू आधी लिहिलेस तर ती वेळ येणार नाही. तिसऱ्यांदा सांगते आहे. चौथ्यांदा सांगणार नाही.

ए. बर्टोक


१० जून १९९७

रोझली,

चौथ्यांदा सांगत नाही. गरज उरली नाही. काल काय झाले ते लिहिते.

काल सोमवार. सोमवारी सकाळी तुझा बाप मित्रांबरोबर कॉफीला जातो, निदान मला तसे सांगून घराबाहेर पडतो. तो गेला आणि वाचनालयातून फोन आला. क्लिफ्टनची बायको रात्रीच बाळंतपणासाठी दाखल झाली होती. टेबल सांभाळायला कुणी नव्हते. मी बसने गेले. दार उघडायच्या सुमारास पोचले, मशीन सुरू केली आणि खालच्या खणातल्या सीडी नंबरवार लावायला वाकले.

काउंटरवर चाव्यांचा जुडगा पडल्याचा आवाज आला. मग वरून आवाज आला, “क्लिफ्टन, नेहमीची दे.”

गुत्त्यात माणूस मागतो तसा. मी उभी राहिले.

त्याने टोपी काढली. मला पाहून त्याने टोपी काढली, लग्नानंतर पहिल्यांदा.

“नेहमीची कुठली?” मी विचारले.

त्याने खिशात हात घातला नाही, कागद काढला नाही. पेटंटचा नंबर सांगितला, तोंडपाठ, सबंध. आपल्या टेलिफोनचा नंबर तो अजून मला विचारतो.

इथे मला विचारता आले असते. किती दिवस? कधीपासून? मला का नाही? मी ते विचारले नाही. काउंटरच्या अलीकडे मी होते, पलीकडे तो होता, आणि माणूस जो नंबर मागतो तो का मागतो, हे आम्ही विचारत नाही. मी ती सीडी काढून दिली. त्याने सही केली. मशीनपाशी गेला, ती आत सरकवली, पाने कशी पुढे न्यायची ते त्याला माझ्याइतकेच येत होते. मग मागे वळून म्हणाला, “येऊन बस. आता काय राहिलंय?”

मी खुर्ची ओढून बसले.

“कधी सापडलं तुला?” मी विचारले. आता मी काउंटरच्या मागे नव्हते.

“गेल्या नोव्हेंबरात. थँक्सगिव्हिंगच्या आधी.”

“आणि ते शून्य? ती आरडाओरड?”

“तू शेजारी असायचीस. त्या नावानं काही सापडत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून तेच टाईप करायचो.” मग म्हणाला, “मला वाटलं तुला तिचं नाव दिसू नये. तू सूप करशील आणि बोलणार नाहीस. तसंच झालं असतं ना?”

मार्चमध्ये काय झाले ते मी त्याला संध्याकाळी सांगितले.

“वकील?”

“कसला वकील, एथेल? माझं धरत नाही. तुला माहितीये, धरत नाही. तिचं धरतं. हे बघ.” त्याने पडद्यावर बोट ठेवले. “स्प्रिंग तिनं खालून घातलीय. मी मूर्खासारखा वरून घालत बसलो. खालून घातली की जितकं दाबाल तितकं आवळतं. मी हे तिला शिकवलेलं नाही. हे तिचं तिनं काढलं.” हे तो फुशारकीने बोलला, आपल्याच पोराने बेसबॉलमध्ये दुसऱ्याच्या पोराला हरवावे तसे.

मग त्याने पान पुढे नेले.

तिसरे चित्र. ते तूच दिलेले असणार, तेव्हा वर्णन कशाला करू? पण करते. वस्तू ठळक रेषांत काढलेली आहे आणि ती वापरणारा हात तुटक रेषांत. शोधाचा जो भाग नसतो तो तुटक रेषांत दाखवतात, हे मी कितीजणांना समजावले आहे. हात उजवा आहे. अंगठा आहे, करंगळी आहे. मधे तीन रिकाम्या जागा आहेत.

“हे बघायला येतो मी,” तो म्हणाला. “इस्पितळात पट्टी होती. पट्टी सुटल्यावर मी कधी बघितला नाही तिचा हात. जेवताना ती समोर असायची आणि मी मिठाच्या बरणीकडे बघायचो. इथं बघता येतो. इथं तो हलत नाही.”

मी पडद्याकडे पाहत होते. मला वाटत होते की आता काहीतरी होईल, छातीत किंवा डोळ्यांत. झाले नाही. चित्र सुबक होते. आकडे जागच्या जागी होते. तुझी करंगळी माझ्या आईसारखी बाहेर वळलेली आहे, आणि चित्रकाराने तीही तशीच काढली आहे, एवढे मला दिसले.

“जाळी मी काढली होती,” तुझा बाप म्हणाला. “माल शुक्रवारी द्यायचा होता. जाळीनं हात अडतो म्हणून सकाळी मीच काढली. तिनं घाई केली नाही. मी डॉक्टरला खोटं सांगितलं. ती ऐकत होती. ती ऐकत्येय हे मला दिसत होतं आणि मी सांगतच राहिलो.”

तो हळू बोलत नव्हता. वर्तमानपत्रे वाचणारे दोघे-तिघे मान वर करून पाहू लागले. तोंडावर बोट ठेवायची माझी इतक्या वर्षांची सवय. हात उचललादेखील. मग खाली ठेवला. म्हटले, बोलू दे.

“हे तिला लिही,” तो म्हणाला.

“तू लिही.”

“मला जमलं असतं तर अकरा वर्षं स्प्रिंग वरून घातली असती का?”

म्हणून मी लिहिते आहे. त्याचे शब्द बदललेले नाहीत. नन्सनी शिकवलेल्या अक्षरात लिहिले आहेत, म्हणजे वाचता आले नाहीत असे तुला म्हणता येणार नाही. खाली त्याने स्वतः सही केली आहे. ती वाकडी आली, कारण कागद प्रेसवर ठेवून केली. चादर त्याने घडी करून तुझ्या पलंगावर ठेवली आहे. तळघरातल्या सगळ्या ‘तिसऱ्या हातां’च्या स्प्रिंगा काल संध्याकाळी सोडवल्या. आज सकाळी त्यांतल्या एका वस्तूत स्प्रिंग खालून घातली आहे. मी जाऊन बरणी ठेवली आणि दाबली. धरते.

क्लिफ्टनला मुलगी झाली. चांगली जाड आहे म्हणे.

जे होते ते जिथे होते तिथपर्यंत तुला आणून सोडले. त्याचा अर्थ काय, आणि त्यावर तू काय करावेस, हे सांगायची मला परवानगी नाही.

वाचनालय सोमवारी दहाला उघडते. आता आम्ही दोघे एकदमच जाणार. मशीनपाशी तिसरी खुर्ची मावते. मी लावून पाहिली.

आई

लुई बर्टोक